खड्ड्यातली वाफ, छताखालचा वायू

तारदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंद झाली. त्यानंतर मुंबईत नवी पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली नाही. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली आणि वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे मृत्युलेख लिहिले. त्यात स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा आला, टपावरचं कॅरिअर आलं, सीटवरची फुलांची नक्षी आली. गॅरेज मात्र फारसं आलं नाही. ही गाडी वीस वर्षं चालली ती गल्लीतल्या मिस्त्र्यांच्या जिवावर. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणायचे, आणि गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या कुठल्या तरी गाळ्यात, नाहीतर सरळ फुटपाथच्या कडेला, गाडी जॅकवर चढवून ते बसवायचे.

या वीस वर्षांत त्या एका टॅक्सीनिमित्त मिस्त्रीच्या हातांखालून काय काय गेलं याची यादी केली तर एखाद्या प्रयोगशाळेला शोभेल: पेट्रोल, सीएनजी, रॉकेल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरीचं ॲसिड, शिसं, ब्रेक लायनिंगचा भुगा, थिनर, लांबी, प्रायमर, हार्डनर, कार्बाइड. मिस्त्री यातल्या एकालाही ‘केमिकल’ म्हणत नाही. केमिकल म्हणजे चेंबूरच्या किंवा तळोज्याच्या कारखान्यातलं काहीतरी, पाइपांतून धूर सोडणारं. हे तर रोजचं सामान.

या सामानाबद्दल काही शिकायचं, तर नावांपासून सुरुवात करून फारसा उपयोग नाही. नावं कंपनीगणिक बदलतात. प्रत्येक पदार्थ कुठल्या वाटेनं माणसापर्यंत पोचतो, हे आधी पाहावं. काही पदार्थ जमिनीलगत खाली उतरतात, काही छताकडे चढतात, काही कातडीतून शिरतात, काही श्वासातून जातात आणि नाकाला पत्ताही लागू देत नाहीत.

पेट्रोलपासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत जुना आहे. पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो. पेटते ती त्याची वाफ, आणि ही वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याइतकी निघत असते. मुंबईत तर ती बाराही महिने सुटलेलीच. हवेपेक्षा ती तिपटी-चौपटीनं जड, म्हणून उघड्या भांड्यातून उतरून पाण्यासारखी उताराच्या दिशेनं वाहते आणि गाळ्यातल्या सर्वांत खोल जागी साठते. ही जागा म्हणजे गाडीखालचा पिट. त्याच पिटात मिस्त्री उभा असतो, डोक्यापाशी हॅन्डलॅम्प असतो, आणि त्या लॅम्पची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेली असते.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की मिश्रण पेट घेऊ शकतं. हिशेब करून पाहा. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट खोल असा पिट घेतला, तर त्यात सुमारे पाच घनमीटर हवा मावते. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली की ती १९० लिटरच्या आसपास भरते. म्हणजे तो अख्खा पिट पेटण्याजोगा व्हायला अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. फ्युएल लाइन सोडताना बाटलीत धरलेलं पेट्रोल कलंडलं, की काम झालं. वाफेला नीट पसरायला वेळ मिळाला नसेल तर त्याहून कमी पेट्रोलही पुरतं, कारण पिटाच्या तळाशी ती अधिक दाट असते.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, ती याच कारणानं. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी, त्यामुळे आतलं मिश्रण पेटायला फार दाट. टाकी ‘रिकामी’ केली की तळाच्या चार थेंबांची वाफ आणि हवा यांचं नेमकं प्रमाण जमून येतं. अशा टाकीचं भोक बुजवायला तिच्यावर वेल्डिंगची ज्योत लावणं म्हणजे बॉम्बला डाग देणं. टाकी पाण्यानं धुऊन, वाफ सोडून, परत पाणी भरून, फक्त कामापुरती जागा मोकळी ठेवायची, ही जुन्या मिस्त्र्यांची रीत शास्त्राला धरून आहे. घाईच्या दिवशी नेमकी तीच गाळली जाते.

आता सीएनजी. मुंबईला गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅसची स्थापना १९९५ मधली. शहरातल्या धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या खटल्यातून जुन्या टॅक्सींना गॅसवर यावं लागलं आणि पाहता पाहता पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर बसले. डिकीत सामानाला जागा राहिली नाही म्हणून टपावरच्या कॅरिअरचं महत्त्व वाढलं, हे जाता जाता. मिस्त्रीच्या दृष्टीनं बदल मोठा होता, कारण हा वायू उलट्या दिशेनं जातो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. गळला की तो पिटात उतरत नाही, वर चढतो आणि छताखाली, माळ्याच्या फळ्यांखाली अडकून राहतो. आपल्याकडच्या गाळ्यांना माळा असतोच. त्यावर जुने टायर असतात, कधी रात्री मुक्कामाला असलेला पोऱ्या असतो, आणि दिव्याचं बटणही तिथंच असतं.

म्हणून ज्या गाळ्यात पेट्रोलच्याही गाड्या येतात आणि गॅसच्याही, तिथं हवा खेळायला दोन वाटा हव्यात: एक जमिनीलगत, दुसरी छताला भिडून. एकच मोठी खिडकी मधोमध असेल तर पेट्रोलची वाफ तिच्याखाली राहते आणि मिथेन तिच्यावर. एलपीजीवर चालणारी गाडी आली तर मात्र पुन्हा पेट्रोलचा नियम. तो वायू हवेपेक्षा जड आहे. ‘गॅसची गाडी’ म्हणून दोघींना एकाच पद्धतीनं वागवणं ही घोडचूक ठरू शकते.

सिलिंडरमध्ये दाब असतो सुमारे २०० बार, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दोनशेपट. अशा लाइनचा नट पान्यानं सैल करून ‘गॅस येतोय का’ पाहणं हा शूरपणा नव्हे. आधी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करायचा, मग इंजिन चालू ठेवून लाइनीतला उरलेला गॅस जाळून टाकायचा. इंजिन आपोआप बंद पडलं की मगच पाना उचलायचा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते, तिची पट्टी पाहायची. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं.

आग दिसते, आवाज करते, म्हणून तिची भीती तरी वाटते. गॅरेजमधले खरे लबाड पदार्थ आवाज न करता काम करतात आणि त्यांचा हिशेब वीस-तीस वर्षांनी येतो. त्यात पहिलं नाव काळ्या ऑइलचं.

इथं लालबाग-परळच्या गिरणगावात उभं राहून एकदा मँचेस्टरकडे पाहायला हवं. लँकेशरच्या कापूस गिरण्यांत ‘म्यूल’ नावाच्या लांबलचक यंत्रांवर सूत कातत. यंत्रावरच्या शेकडो चात्यांना खनिज तेल दिलं जाई आणि फिरत्या चात्यांमधून ते तेल बारीक तुषारांनी उडे. कातणारा कामगार तुटलेला धागा सांधायला दिवसभर यंत्रावर ओणवा होई. त्याची पॅन्ट मांड्यांपाशी तेलानं भिजलेली असे. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी आपल्या इस्पितळातल्या वृषणकोशाच्या कर्करोगाच्या वीस वर्षांतल्या केसेस तपासल्या. त्यांतले जवळजवळ निम्मे रुग्ण म्यूलवर कातणारे निघाले. त्याआधी दीडशे वर्षं, १७७५ मध्ये, पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकानं हाच रोग धुराडी साफ करणाऱ्यांना होतो हे दाखवलं होतं. तिथं काजळी होती, इथं तेल. पण दोन्हींत दोषी एकाच कुळातले, अनेक कड्यांचे कार्बनी रेणू. काजळीचा धोका कळला तरी त्याच कुळातलं तेल कामगारांच्या कपड्यांवर उडत राहिलं, आणि म्यूलवर कुठलं तेल वापरायचं याचे खास नियम ब्रिटनमध्ये १९५३ साली आले. तोवर म्यूलच कालबाह्य होत चालले होते.

मुंबईच्या गिरण्यांनी म्यूलऐवजी रिंग फ्रेम लवकर आपल्याशा केल्या, त्यामुळे लालबाग-परळच्या कामगारांच्या वाट्याला हा विशिष्ट रोग त्या प्रमाणात आला नाही. त्यांच्या वाट्याला कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार होताच. गिरण्या गेल्या, टॉवर आले, त्यांच्या तळमजल्यांत चकचकीत शोरूम आल्या. जुन्या चाळींखालच्या गाळ्यांत मात्र तेलानं भिजलेली पॅन्ट अजून आहे.

नवं इंजिन ऑइल त्या मानानं निरुपद्रवी. कंपन्या त्यातले ते घातक रेणू शुद्धीकरणात काढून टाकतात. पण तेच ऑइल इंजिनात हजारो किलोमीटर तापतं, त्यात अर्धवट जळालेल्या इंधनाचे अवशेष मिसळतात, धातूंचा चुरा मिसळतो, आणि काढून टाकलेलं कुळ परत येऊन वस्ती करतं. वापरलेल्या ऑइलनं उंदरांच्या कातडीवर कर्करोग होतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मिस्त्री ड्रेन प्लग काढतो तेव्हा गरम काळी धार पहिल्यांदा त्याच्या मनगटावरून जाते. हात पुसलेली चिंधी तो पॅन्टच्या खिशात कोंबतो आणि ती दिवसभर मांडीला चिकटून राहते. मँचेस्टरच्या डॉक्टरांना ही चिंधी ताबडतोब ओळखू आली असती.

त्यात भर म्हणून हात धुवायला रॉकेल किंवा पेट्रोल. काळेपणा निघतो हे खरं. त्याच्याबरोबर कातडीवरचा नैसर्गिक स्निग्ध थरही निघतो. मग हात फाटतात, आणि त्या भेगांतून उद्याचं ऑइल आणखी सहज आत शिरतं. पेट्रोलमधलं बेन्झीन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं, तेही कातडीतून थोडं आणि नाकातून पुष्कळ जातं. नळीनं तोंड लावून पेट्रोल ओढणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! गिळलं गेलं तर त्रास होतोच, पण खोकल्याबरोबर घोटभर फुप्फुसात उतरलं तर जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला ओकारी काढायला लावू नये, कारण वर येताना ते पुन्हा फुप्फुसाकडेच वळतं. त्याला सरळ इस्पितळात न्यावं. परळला केईएम आहे.

यावर उपाय महाग नाही. नायट्राइल रबरचे हातमोजे ऑइल आणि रॉकेल थोपवतात. घरात भांडी घासायला वापरतात ते साधे रबरी मोजे पेट्रोलजन्य पदार्थांत फुगतात आणि सैल पडतात. कामाआधी हातांना क्रीम, कामानंतर साबण आणि लाकडाचा भुसा. पोपटी रंगाच्या पेस्टचे डबे मिळतात तेही चालतात. आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथं तान्ह्या पोराची दुपटीही त्याच बादलीत भिजतात, तिथं हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, याची मला कल्पना आहे.

ब्रेकचं काम करताना एक सवय सगळ्या गॅरेजांत सारखी दिसते. ड्रम काढला की कंप्रेसरची नळी घ्यायची आणि आतल्या भुग्यावर हवा मारायची. करड्या धुळीचा ढग उठतो, मिस्त्री क्षणभर डोळे मिटतो, आणि श्वास तेवढा घेतोच. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, कारण उष्णतेपुढे न हरणारा इतका स्वस्त धागा दुसरा नव्हता. हा धागा उभा चिरत जातो, इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही, आणि फुप्फुसात रुतला की शरीराला तो विरघळवता येत नाही. फुप्फुसं जाड होत जाणं म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, हे त्याचे परिणाम. आणि ते दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची तपासणी झाली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी जवळजवळ पाव लोकांना ॲस्बेस्टॉसिस निघाला.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल दिला. आरोग्य हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्यात म्हटलं, आणि कामगाराची वैद्यकीय नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षं, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर जपून ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षं! रोगाची चाल न्यायालयाला नीट उमगली होती. गल्लीतल्या गॅरेजात चाळीस दिवसांपूर्वीचं बिलही सापडत नाही.

आज बऱ्याच गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस नसतं. पण पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर भारतात सरसकट बंदी नाही, आणि खोक्यावर काही न लिहिलेला स्वस्त माल कशाचा बनलाय ते पाहून सांगता येत नाही. म्हणून सगळा भुगा संशयित धरायचा. अमेरिकेत १९९४ च्या नियमांनी ब्रेकवर कोरडी हवा मारायला बंदी घातली. भुगा ओला करून पुसायचा, खाली ट्रे धरायचा. पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि एक जुनी चिंधी, एवढंच सामान लागतं, आणि ती चिंधी ओली असतानाच पिशवीत बांधायची.

याच ब्रेकच्या कामातून पुढे एक वेगळीच गोष्ट घडली. अमेरिकेत ब्रेक साफ करायला फवाऱ्याचे डबे वापरत. त्यांतल्या क्लोरीनयुक्त द्रावकांवर निर्बंध आले, तेव्हा कंपन्यांनी पर्याय म्हणून हेक्झेन आणि ॲसिटोन यांचं मिश्रण आणलं. १९९९-२००० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा चढत गेला, चालताना पाय लटपटू लागले. चोवीस-पंचवीस वर्षांची धडधाकट मुलं. शरीरात हेक्झेनपासून एक विषारी पदार्थ तयार होतो आणि तो मज्जातंतूंचा लांब धागा टोकाकडून निकामी करत येतो; सोबतचं ॲसिटोन त्याला हातभार लावतं. चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांत जपान आणि इटलीत हा आजार काही दशकं आधीच दिसला होता. एका धोक्यावरचा उतारा दुसरा धोका घेऊन आला, आणि त्याची माहिती जगात होती, फक्त दुसऱ्या धंद्याच्या कपाटात. पंक्चरच्या सोल्युशनलाही पेट्रोलच्या घराण्यातलाच वास असतो. ते काम बंद गाळ्यात न करता दारात बसून केलेलं बरं. ब्रेक क्लीनरच्या डब्यावर ‘हेक्झेन’ असेल तर हेप्टेनवाला किंवा साबणपाण्यावरचा क्लीनर मागावा. हेप्टेनमध्ये कार्बनचा एकच अणू जास्त, पण त्यापासून तो विषारी पदार्थ तसा तयार होत नाही.

डेंटिंग-पेंटिंगच्या बाजूला गेलं की थिनरचा वास येतो. थिनर वाईट आहेच. डोकं धरतं, चक्कर येते, वर्षानुवर्षांनी स्मृतीवर परिणाम होतो. पण त्याचा वास येतो, एवढा त्याचा प्रामाणिकपणा. अडचण त्याच्याबरोबरच्या छोट्या डब्याची आहे. हल्लीचा रंग दोन भागांत येतो: एक रंग किंवा क्लिअर, दुसरं हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. त्याचं आणि याचं रासायनिक टोक एकच. हार्डनरमधलं द्रव्य त्याच्यासारखं चटकन उडून जात नाही, म्हणून डबा उघडल्यानं शहर मरत नाही. पण बंदुकीतून फवारलं की ते अतिसूक्ष्म थेंबांनी हवेत तरंगतं. त्याची सुरक्षित मर्यादा अब्जभागांत पाच भाग अशी मोजतात. नाकाला वास येईपर्यंत ती कधीच ओलांडलेली असते.

इथं शरीर वेगळं वागतं. काही जणांत महिनोन्महिने काही होत नाही आणि एक दिवस दमा उठतो. एकदा शरीरानं त्या द्रव्याशी वैर धरलं की मग त्याचा अंशही पुरतो. शेजारच्या गाळ्यात कोणी फवारलं तरी छाती भरते. चांगला पेंटर, ज्याच्या हाताला गाडीच्या वळणांची जाण आली आहे, त्याला धंदाच सोडावा लागतो. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्यात गाड्या रंगवणारे वर्षानुवर्षं आघाडीवर राहिले, म्हणून तिथं बाहेरून नळीनं ताजी हवा पुरवणारा मुखवटा घालूनच फवारायचं असा दंडक आहे. बंदूक थांबली तरी मुखवटा लगेच काढायचा नाही, कारण न दिसणारे थेंब आणखी काही मिनिटं तरंगत असतात. तोंडाला बांधलेला रुमाल इथं फक्त रंग लागू नये एवढ्याच कामाचा. चाळीच्या चौकात हा दोन भागांचा, म्हणजे टू-के क्लिअर फवारणं म्हणजे वरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांना त्यात ओढणं. माझं स्पष्ट मत आहे की हे काम गल्लीत करूच नये. ज्याच्याकडे फवारणीचा बंदिस्त बूथ आहे त्याच्याकडे गाडी पाठवावी, दोन पैसे कमी मिळाले तरी.

बॅटरीचं प्रकरण थोडक्यात. आत गंधकाम्ल असतं, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत वजनानं एक तृतीयांशाहून जास्त. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, आणि तो हवेत चार टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. म्हणून चार्जर आधी बंद करायचा, मग क्लिप काढायच्या. वायर सोडताना निगेटिव्ह आधी. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड, हळूहळू. उलटं केलं तर उकळून तोंडावर उडतं. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं नळाखाली धरायचं, मध्येच थांबून आरशात पाहायचं नाही. आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास येतं, ही सबब खरी आहे. म्हणून स्वच्छ पाण्याचा झाकणवाला पिंप फक्त याच कामासाठी भरून ठेवायचा.

बाटल्यांचा विषय आला की मला राग येतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर, रंगाला सरबतासारखं. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं. मूत्रपिंडं बंद पडतात. आणि ते ठेवलेलं असतं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, चहाच्या ग्लासांशेजारी. बॅटरीचं ॲसिड आणि डिस्टिल्ड वॉटर हे तर शेजारी-शेजारी, दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही बिनलेबलची. आलेला माल मूळ डब्यातच ठेवावा. लाल चौकटीतलं कवटीचं किंवा ज्वाळेचं चित्र अक्षरओळख नसलेल्या पोऱ्यालाही वाचता येतं, म्हणूनच ते छापलेलं असतं.

कशाशेजारी काय ठेवायचं याची किंमत या शहरानं मोजलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात स्फोटकं होतीच. वर कराचीहून कापसाच्या गासड्या आणि वंगणतेलाची पिंपंही भरली होती. कापूस पेटला आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. गॅरेजात एवढा दारूगोळा नसतो. पण ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, आणि त्याचा रेग्युलेटर जाम झाला की त्याला ग्रीस लावायची सवयही असते. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन ग्रीसला ठिणगीवाचून पेटवू शकतो. कॉटन वेस्टचा ढीग असतो. खनिज ऑइलनं माखलेलं वेस्ट आपणहून सहसा पेटत नाही, पण अळशीच्या तेलाचा किंवा काही वार्निशांचा बोळा वाळताना तापत जातो आणि ढिगाच्या पोटात रात्री धुमसू लागतो. असे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवायचे.

आणि कार्बाइड. गॅस वेल्डिंगसाठी ते पाण्यात टाकून ॲसिटिलीन तयार करतात, म्हणजे त्याला पाणी लागलं की वायू सुटणारच, मग ते पाणी कुठूनही येवो. पावसाळ्यात परळ-दादरच्या सखल हिंदमाताला पाणी भरतं हे मुंबईत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी कार्बाइडचा डबा जमिनीवर, दाराशेजारी असतो. जूनच्या आधी त्याची जागा उंच फळीवर हवी, पण कोरड्या, हवेशीर भिंतीला. काळं ऑइल गटारात ओतणाऱ्यांनीही पावसाळ्यात एकदा पाहावं: हिंदमाताचं पाणी रे रोडच्या ब्रिटानिया पंपिंग स्टेशनातून समुद्रात जाईपर्यंत तेच ऑइल गुडघाभर पाण्यावर तरंगत गल्लीत परत येतं. वापरलेलं ऑइल नियमांच्या दृष्टीनं घातक कचरा आहे. ते नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवं. ते पुन्हा शुद्ध होतं आणि विकलं जातं, त्यामुळे त्याला भावही मिळतो.

कायद्याची मदत कितपत? १९४८ च्या कारखाना कायद्यानं वीज वापरणाऱ्या जागेला दहा कामगारांपासून कारखाना मानलं. २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेत ती संख्या वीस झाली. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं. एक मिस्त्री, दोन हेल्पर आणि एक पोऱ्या अशा गाळ्याला यातलं काही सहसा शिवत नाही; त्याच्या भिंतीवर गुमास्ता लायसन्स टांगलेलं असतं आणि तेवढंच. परळचा रेल्वे कारखाना किंवा बेस्ट बससेवेचं दादरचं वर्कशॉप यांच्याकडे स्टोअर असतं, युनियन असते, डॉक्टर असतो. त्यांच्या कुंपणाबाहेर तीच रसायनं, तेच काम, आणि यांतलं काहीच नाही. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये औद्योगिक सुरक्षेचं एक संग्रहालय आहे. परळहून बसनं अर्ध्या तासात जाता येतं. गॅरेजवाल्यांच्या मंडळांनी गणपतीनंतरच्या एखाद्या रविवारी पोरांना तिथं न्यायला हरकत नाही.

आता गाळ्यासमोर नव्या गाड्या उभ्या राहू लागल्या आहेत. बेस्टच्या विजेवरच्या डबलडेकर २०२३ पासून धावतात, विजेवरच्या टॅक्सीही दिसतात. त्यांना इंजिन ऑइल नाही, पेट्रोल नाही, सायलेन्सर नाही. नारिंगी रंगाच्या जाड वायरींत काहीशे व्होल्ट आहेत, आणि लिथियमच्या बॅटरीला मार लागला किंवा ती फार तापली तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा दाहक वायू सुटतो. अशी बॅटरी विझल्यासारखी दिसते आणि काही तासांनी, कधी दिवसांनीही, परत पेटते. म्हणून अपघात झालेली किंवा पाण्यात बुडालेली विजेची गाडी इतर गाड्यांपासून आणि भिंतींपासून निदान ५० फूट लांब, उघड्यावर ठेवावी असं उत्पादक सांगतात. लालबागच्या गल्लीची रुंदी त्याहून कमी आहे. टो करून आणलेली पहिली अशी गाडी दारात उभी राहण्याआधी ती कुठल्या मोकळ्या जागेवर न्यायची हे मिस्त्रीनं, शेजाऱ्यांनी आणि वॉर्ड ऑफिसनं ठरवून ठेवायला लागेल.